डायबेटिसमुळे डोळ्याला लेझर सांगितलंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

डॉक्टरांनी पडदा तपासला, फोटो काढले आणि म्हणाले लेझर करावं लागेल, आणि तुम्ही मनात म्हणताय की मला तर व्यवस्थित दिसतंय मग लेझर कशाला? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो, मलाही पडला होता. कारण डायबेटिक रेटिनोपथी, म्हणजे डायबेटिसने डोळ्याच्या मागच्या पडद्याचं होणारं नुकसान, दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही आणि बऱ्याचदा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असतानाच आत बरंच बिघडलेलं असतं. माझ्या दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय, त्या निमित्ताने वेटिंग रूममध्ये खूप जणांशी बोलणं झालं, आणि नव्याने येणारा प्रत्येक माणूस तेच तेच विचारत असतो म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हे लेझर नजर वाढवायला नसतं, आहे ती नजर टिकवायला असतं. हे कोणी नीट सांगितलं नाही ना, की माणूस पहिल्या सिटिंगनंतर म्हणतो 'काहीच फरक नाही, उलट जरा अंधुकच झालं' आणि पुढच्या सिटिंगला जातच नाही. अर्धवट सोडलेलं लेझर फार महागात पडतं, ते का ते पुढे येईलच.

आणि हे चष्मा घालवायचं लेझर नाही बरं का. ते बुबुळावर करतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मागची झिल्ली धुरकट झाली की एक लेझर करतात तेही वेगळं, त्यात बहुतेकांना लवकरच स्वच्छ दिसायला लागतं. त्यामुळे ओळखीतलं कोणी 'मला तर पाच मिनिटांत झालं आणि लख्ख दिसलं' म्हणालं तर आधी विचारा कुठलं लेझर होतं. आपलं लेझर डोळ्याच्या अगदी मागे, पडद्यावर म्हणजे रेटिनावर होतं.

आत काय चाललेलं असतं

हे समजलं की भीती निम्मी होते म्हणून जरा सविस्तर सांगते. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की रेटिनाच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना छोटे छोटे फुगवटे येतात, त्यातून रक्त आणि पाणी झिरपतं, चरबीचे पिवळट डाग साठतात. इथपर्यंतच्या अवस्थेला नॉन-प्रोलिफरेटिव्ह म्हणतात, आणि त्यात सौम्य, मध्यम, तीव्र असे टप्पे असतात. झिरपलेलं पाणी जर मॅक्युलात, म्हणजे वाचायला आणि चेहरे ओळखायला लागतो त्या मधल्या भागात साठलं तर त्याला मॅक्युलाची सूज म्हणतात, आणि ही सूज कुठल्याही टप्प्यावर येऊ शकते.

पुढे काही वाहिन्या बंदच पडतात. मग तेवढ्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि तो भाग व्हीईजीएफ नावाचं एक रसायन सोडायला लागतो, ज्याचा अर्थ एवढाच की नवीन वाहिन्या पाठवा. आणि खरंच नवीन वाहिन्या फुटतात, पण त्या अतिशय नाजूक असतात आणि नको त्या जागी वाढतात, पडद्याच्या पृष्ठभागावर आणि डोळ्यातल्या पारदर्शक जेलीच्या दिशेने. ही प्रोलिफरेटिव्ह अवस्था. या वाहिन्या कधीही फुटून डोळ्यात रक्त उतरू शकतं, त्यांच्याबरोबर तयार होणारे व्रणाचे धागे आकसले की पडदा ओढला जातो आणि सुटू शकतो, आणि पडदा सुटला तर मोठं ऑपरेशन करूनही सगळी नजर परत येईलच असं नसतं.

लेझर नेमकं इथे काम करतं. डॉक्टर नवीन वाहिन्यांवर थेट नेम धरत नाहीत, ते पडद्याच्या कडेच्या, उपाशी राहिलेल्या भागावर शेकडो बारीक डाग देतात. तेवढा भाग भाजला गेला की त्याची ऑक्सिजनची मागणी कमी होते, व्हीईजीएफ कमी होतं आणि नवीन वाहिन्या हळूहळू सुकतात. म्हणजे कडेचं थोडं देऊन मधलं वाचवायचं, असा हा सरळ हिशोब आहे आणि तो मान्य करूनच खुर्चीत बसायचं. याला पीआरपी म्हणतात, पॅनरेटिनल फोटोकोॲग्युलेशन, तुमच्या कागदावर बहुतेक ही तीन अक्षरंच लिहिलेली असतील. दुसरा प्रकार फोकल किंवा ग्रिड लेझर, तो मॅक्युलाजवळ झिरपणाऱ्या जागांवर करतात, त्यात डाग खूप कमी असतात. पण मॅक्युलाच्या अगदी मध्यावर सूज आली असेल आणि नजर कमी झाली असेल तर आता बहुतेक वेळा आधी डोळ्यात इंजेक्शन देतात.

ही ट्रीटमेंट नवीन नाही, प्रयोग वगैरे तर अजिबात नाही. मायर-श्विकेराथ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी चक्क सूर्यप्रकाश वापरून पडद्यावर डाग द्यायला सुरुवात केली होती, नंतर झेनॉनचा दिवा आला, मग आर्गॉन लेझर. 1976 मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपथी स्टडी या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यात पीआरपीमुळे नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. तेव्हापासून कितीतरी लोकांची नजर या एका गोष्टीमुळे टिकली आहे, आणि मला स्वतःला हे वाचल्यावर खूप धीर आला होता.

पहिली पायरी: तपासण्या आणि प्रश्न

बाहुली मोठी करून तपासणी, पडद्याचे फोटो आणि ओसीटी हे बहुतेक सगळ्यांचं होतं. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, त्यात हात लावत नाहीत, एका खुणेकडे बघत बसायचं, संपलं. काहींना अँजिओग्राफी सांगतात, त्याचं नाव ऐकून हृदयाची आठवण येते पण ही डोळ्याचीच, हाताच्या शिरेत पिवळ्या रंगाचं औषध देतात आणि पाठोपाठ फोटो काढतात. काहींना त्यात थोडा वेळ मळमळतं, कातडी जरा पिवळट दिसते आणि एखाद दिवस लघवी गडद पिवळी-नारिंगी होते, घाबरू नका. ॲलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर हे सगळं आधी सांगायचं, ते विचारतील याची वाट बघायची नाही.

मग डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी. कुठल्या डोळ्यात कुठला टप्पा आहे, मॅक्युलाला सूज आहे का, लेझर पीआरपी आहे की फोकल, अंदाजे किती सिटिंग, दोन सिटिंगमध्ये किती अंतर, आधी इंजेक्शन लागणार का. उत्तरं तिथल्या तिथे कागदावर लिहून घ्या किंवा बरोबर आलेल्याला लिहायला सांगा, कारण तपासणीच्या थेंबांमुळे तुम्हाला जवळचं वाचता येत नसतं आणि घाबरलेल्या डोक्यात तर काहीच राहत नाही.

मॅक्युलाच्या सुजेचं मी मुद्दाम म्हणतेय कारण पीआरपीने ही सूज काही जणांमध्ये थोडी वाढू शकते. म्हणून सूज आधीपासून असेल तर डॉक्टर बऱ्याचदा इंजेक्शन आधी देतात किंवा लेझर टप्प्याटप्प्याने करतात. तुमचं आणि शेजारी बसलेल्याचं वेळापत्रक वेगळं असेल तर त्याचं कारण बहुधा हेच असतं.

आता इंजेक्शन की लेझर हा प्रश्न. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हॅसिझुमॅब ही सगळी इंजेक्शनं व्हीईजीएफला अडवतात. 2015 मध्ये प्रोटोकॉल एस नावाच्या अभ्यासात दिसलं की प्रोलिफरेटिव्ह अवस्थेत रॅनिबिझुमॅबची इंजेक्शनं दोन वर्षांच्या हिशोबाने पीआरपीपेक्षा नजरेच्या बाबतीत कमी पडत नाहीत, आणि कडेची नजरही त्यात कमी प्रमाणात गमावली जाते. मग सगळ्यांनी इंजेक्शनच का घेऊ नये? कारण इंजेक्शनचा परिणाम ओसरतो आणि परत परत जावं लागतं, मध्येच माणूस यायचा बंद झाला, आजारी पडला, गाव बदललं, तर आतल्या वाहिन्या परत जोर धरतात आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. लेझरचा परिणाम टिकाऊ असतो. माझं स्पष्ट मत असं की ज्याला स्वतःच्या येण्याजाण्याची शंभर टक्के खात्री नाही त्याने ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, लपवू नये, कारण त्यावरून ट्रीटमेंट बदलते. बऱ्याच जणांना दोन्ही मिळून करतात.

जायच्या आधी

उपाशी जायचं नाही. पूर्ण भूल देणार असतील तरच उपाशी राहायला सांगतात आणि पीआरपीत ते क्वचितच लागतं. नेहमीसारखं खायचं, शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळेला घ्यायचं. थेंब, वाट बघणं, लेझर, परत वाट बघणं यात अर्धा दिवस सहज जातो आणि त्यात शुगर खाली येऊ शकते म्हणून ग्लुकोज किंवा काहीतरी गोड खिशात असू द्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, लेझरसाठी त्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत, फक्त डॉक्टरांना सांगून ठेवा.

काचबिंदूची हिस्टरी असेल तर सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर काढून जा, डोळ्यांचा मेकअप नको. गॉगल घ्या, मोठा घ्या. आणि कोणीतरी बरोबर पाहिजेच, गाडी चालवत परत येणं हा विषयच नाही. दुखण्याबद्दल काळजी वाटत असेल तर आधी पॅरासिटामॉल घेऊ का हे आदल्या व्हिजिटलाच विचारून ठेवा, बरेच डॉक्टर हो म्हणतात.

खुर्चीत बसल्यावर

आधी बाहुली मोठी करणारे थेंब, एकदा नाही, थोड्या थोड्या वेळाने. ते थोडे झोंबतात. डायबेटिसमध्ये बाहुली लवकर मोठी होत नाही असं बऱ्याच जणांचं होतं, त्यामुळे तुमच्यानंतर आलेला माणूस आधी आत गेला तर चिडू नका. मग आत नेऊन बधिर करणारा थेंब टाकतात, त्याने डोळ्याचा पुढचा भाग सुन्न होतो.

मशीन तपासणीच्या मशीनसारखंच दिसतं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला चिकटवायचं, काही ठिकाणी डोक्यामागून पट्टाही बांधतात. इथे एक काम नक्की करा, खुर्चीची उंची तुमच्या मानेला बरोबर वाटेपर्यंत बदलून घ्या. संकोच करू नका. मान ताणलेली किंवा पाठ वाकलेली राहिली तर दहा मिनिटांनी डोळ्यापेक्षा पाठच जास्त दुखते, कपाळ पट्टीपासून सुटतं, डॉक्टर परत परत 'कपाळ पुढे' म्हणत राहतात आणि सगळंच लांबतं.

मग डॉक्टर एक जाड भिंग घेतात, त्यावर चिकट जेल लावतात आणि ते थेट डोळ्यावर ठेवतात. वाचायला भयंकर वाटतं पण सुन्न असल्याने दुखत नाही, फक्त दाब जाणवतो आणि गार जेल गालावर ओघळतं. या भिंगाचा मोठा फायदा म्हणजे पापणी मिटली तरी काही बिघडत नाही, भिंगच डोळा उघडा धरतं. मला सगळ्यात मोठी भीती हीच होती की चुकून पापणी मिटली तर काय होईल, आणि असं विचारणारे खूप भेटतात, तर त्याचं उत्तर हे.

तुमचं काम एवढंच की दुसऱ्या डोळ्याने सांगितलेल्या जागी बघत राहायचं. लेझर सुरू झालं की हिरव्या प्रकाशाचे झगझगीत झोत येतात, एकामागून एक, आणि बरोबर मशीनचा टक टक आवाज. नवीन पॅटर्न मशीन असेल तर पॅडल एकदा दाबलं की एका झटक्यात डागांचा अख्खा चौकोन पडतो, प्रत्येक डाग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका, जुन्या पद्धतीत तो साधारण दहाव्या भागाइतका असायचा. पॅटर्न मशीनवर डाग जास्त द्यावे लागतात पण त्रास कमी होतो. जुन्या पद्धतीने पूर्ण पीआरपीत एका डोळ्याला साधारण 1200 ते 1600 डाग, पॅटर्नने त्याहून जास्त, आणि हे सगळं एका किंवा जास्त सिटिंगमध्ये वाटून. आकडा ऐकून घाबरायला होतं मान्य आहे, पण प्रत्येक डाग साधारण अर्धा मिलिमीटरचा असतो आणि डॉक्टर मॅक्युलाचा भाग सोडून काम करत असतात.

थोड्या वेळाने त्या डोळ्याला काहीच दिसेनासं होतं, नुसता रंगीत अंधार. तो प्रकाशाच्या माऱ्याने दिपून गेलेला असतो. तेव्हा पोटात गोळा येतो, म्हणून आधीच सांगून ठेवते, हे सगळ्यांना होतं आणि जातं.

हलायचं असेल, खोकला येत असेल, शिंक येणार असेल तर आधी बोला. आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की हात वर केला की मी पॅडलवरून पाय काढतो, ही एक खूण ठरवून घेतली की मनावरचं ओझं उतरतं कारण आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं. तुमच्या डॉक्टरांनी नाही सांगितलं तर तुम्हीच विचारा 'थांबवायचं असेल तर काय करू'.

ज्यांना बसवत नाही किंवा मान स्थिर राहत नाही त्यांना आडवं झोपवून, डॉक्टरांच्या डोक्यावर लावलेल्या यंत्रातूनही लेझर करता येतं.

दुखतं का, खरं खरं

माणसागणिक वेगळं. फोकल लेझर बहुतेकांना दुखत नाही. पीआरपीत काहींना फक्त प्रकाशाचा त्रास होतो, काहींना आतून टोचल्यासारखं वाटतं, आणि काही विशिष्ट जागी एकदम कळ जाते, भुवईपर्यंत किंवा डोक्याच्या मागेपर्यंत. याचं कारण आहे, पडद्याच्या मागून नसा जातात आणि डोळ्याच्या आडव्या रेषेत डाव्या-उजव्या बाजूला त्या जाड असतात, तिथे डाग पडला की जास्त लागतं. म्हणजे कळ आली म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही.

पण दात-ओठ खाऊन सहन करण्यात काही मोठेपणा नाही. दुखतंय असं सांगितलं तर पॉवर कमी करता येते, डाग कमी वेळाचा करता येतो, जागा बदलून नंतर परत तिथे येता येतं, सिटिंग दोनात वाटता येतं, आणि अगदीच असह्य असेल तर डोळ्याच्या बाजूने इंजेक्शन देऊन अख्खा डोळा बधिर करता येतो. एक काका वेटिंग रूममध्ये सांगत होते की पहिलं सिटिंग इतकं दुखलं की ते पुढे बरेच महिने फिरकलेच नाहीत आणि परत आले ते डोळ्यात रक्त उतरल्यावर. त्यांना बधिर करायचं इंजेक्शन असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, म्हणून जो भेटेल त्याला मी हे सांगते. दुखतं म्हणून सोडायचं नाही, दुखतं म्हणून बोलायचं.

दुसरं सिटिंग काहींना पहिल्यापेक्षा जास्त दुखतं, आधी माहीत असलेलं बरं.

घरी आल्यावर

लेझर संपल्यावर पहिला काही वेळ सगळं गुलाबी-जांभळट किंवा काळपट दिसतं, मग हळूहळू आकार यायला लागतात. बाहुली मोठी असल्याने कित्येक तास जवळचं धूसर आणि उजेड सहन होत नाही, ते थेंबांमुळे. सुन्नपणा जाईपर्यंत डोळा चोळायचा नाही, कारण तेव्हा लागलं तरी कळत नाही. त्या रात्री डोकं किंवा डोळा ठणकू शकतो, पॅरासिटामॉलने बहुतेकांचं भागतं. पट्टी सहसा लागत नाही, बधिर करायचं इंजेक्शन दिलं असेल तर बांधतात. काही डॉक्टर थोड्या दिवसांसाठी थेंब देतात, दिले असतील तर सांगितल्याप्रमाणे टाका.

टीव्ही, मोबाईल, वाचन याने लेझर बिघडत नाही. डोळ्याला त्रास वाटला तर थांबा, एवढंच. जड उचलणं किंवा जोराचा व्यायाम किती दिवस टाळायचा हे डॉक्टरांना विचारा, आत रक्त असेल तर उत्तर वेगळं येतं.

पुढचे आठवडे, आणि काय कायमचं राहू शकतं

काही दिवस ते काही आठवडे नजर जरा धुरकट राहू शकते. नवीन वाहिन्या सुकायला आठवडे लागतात, त्यामुळे लेझर 'लागलं' की नाही हे दुसऱ्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही, डॉक्टर काही आठवड्यांनी परत बघतात आणि वाहिन्या पुरेशा मागे हटल्या नसतील तर आणखी डाग देतात. आणखी लेझर सांगितलं म्हणजे पहिलं फुकट गेलं असं नाही, मात्रा कमी पडली एवढाच अर्थ.

आता जे जातं त्याबद्दल. पीआरपीनंतर कडेची नजर काही प्रमाणात कमी होऊ शकते, अंधारात दिसायला त्रास होतो, उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळे जुळवून घ्यायला वेळ लागतो, समोरून आलेल्या गाडीचा दिवा जास्त टोचतो, रंग थोडे फिके वाटतात, काहींना जवळचं बघायला वेगळा नंबर लागतो. सगळ्यांना सगळं होत नाही. मला जिन्यात संध्याकाळी जास्त जाणवतं, शेवटची पायरी संपली की अजून एक आहे हे पायालाच शोधावं लागतं. त्यावर उपाय साधे आहेत, जिन्यात आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, पायऱ्यांच्या कडेला उठून दिसेल अशी पट्टी, वाटेत सामान ठेवायचं नाही, आणि घरच्यांना सांगून ठेवायचं की बाजूने अचानक येऊ नका. चष्म्याचा नंबर लगेच बदलू नका, डोळा स्थिर झाला असं डॉक्टर म्हणाले की मगच.

गाडी चालवत असाल तर हा विषय गंभीरपणे घ्या. दोन्ही डोळ्यांना पूर्ण पीआरपी झाल्यावर कडेच्या नजरेची, म्हणजे फील्डची तपासणी करून घ्या आणि तुम्ही राहता तिथले लायसन्सचे नियम काय म्हणतात ते बघा. रात्रीचं चालवणं बऱ्याच जणांना स्वतःहून सोडावं लागतं आणि ते मनाला लागतं, मी समजू शकते, पण बाजूने रस्ता ओलांडणारा माणूस दिसला नाही तर काय होईल याचा विचार करा.

रक्त उतरलं तर

हे लेझरच्या आधीही होऊ शकतं, मध्येही आणि नंतरही. अचानक काळे ठिपके, धागे, किंवा पाण्यात शाईचा थेंब सोडल्यावर ती जशी वळत वळत पसरते तसं काहीतरी डोळ्यासमोर सरकतं आणि मग लालसर-काळपट धुकं. दुखत नाही. बऱ्याच जणांना वाटतं लेझरनेच केलं, पण खूप वेळा आधीच्याच नाजूक वाहिन्या आकसताना फुटलेल्या असतात.

डॉक्टरांना लगेच कळवा. तोपर्यंत उशीला उशी लावून डोकं उंच ठेवून झोपा, म्हणजे रक्त खाली बसतं आणि सकाळी वरच्या भागातून जरा स्वच्छ दिसतं. रक्तामुळे पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना ते बघतात. थोडं रक्त आपोआप शोषलं जातं, त्याला आठवडे किंवा महिने लागतात, नाही गेलं किंवा पडदा ओढला जात असेल तर व्हिट्रेक्टॉमी नावाचं ऑपरेशन करतात आणि त्यातच आतून लेझरही पूर्ण करतात.

वाट न बघता त्याच दिवशी जायची लक्षणं वेगळी लिहितेय: ठिपक्यांचा एकदम पाऊस, बाजूला विजेसारखे झोत चमकणं, एका बाजूने पडदा किंवा सावली सरकत येणं, नजर अचानक जाणं, किंवा डोळा लाल होऊन खूप दुखणं, त्यातही डोळ्यात इंजेक्शन झाल्यानंतरच्या दिवसांत असं झालं तर इन्फेक्शन असू शकतं आणि तिथे एक रात्रही थांबायचं नाही.

शुगर आणि बाकीचं

लेझर झालं म्हणजे शुगरचं काम संपलं असं नाही. टाइप 1 मध्ये 1993 ला आणि टाइप 2 मध्ये 1998 ला प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलंय की शुगर ताब्यात राहिली तर रेटिनोपथी कमी होते आणि हळू वाढते, आणि बीपीचाही मोठा हात आहे. एक गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते. खूप दिवस वाढलेली शुगर एकदम झपाट्याने खाली आणली, नवीन इन्सुलिन किंवा वजनाचं-शुगरचं जोरदार इंजेक्शन सुरू केलं, तर सुरुवातीच्या काळात डोळे तात्पुरते बिघडू शकतात. म्हणून औषध नाकारायचं नाही, फक्त औषध बदलणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यांचं सांगायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना औषध बदलल्याचं सांगायचं, दोघं आपोआप एकमेकांशी बोलत असतील असं धरून चालू नका. गरोदरपणातही रेटिनोपथी वेगाने वाढू शकते, त्यामुळे ठरवण्याआधी पडदा तपासून घ्या आणि दिवस गेल्यावर परत.

घरात आणखी कोणाला डायबेटिस असेल तर टाइप 2 असल्याचं कळल्याबरोबर आणि टाइप 1 असेल तर पाच वर्षांच्या आत पहिली पडद्याची तपासणी, मग साधारण दरवर्षी. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी म्हणजे पडद्याची तपासणी नाही.

तुमचं स्वतःचं लेझर पूर्ण झालं की एक फाइल करा. पडद्याचे फोटो, ओसीटीचे प्रिंट तारखेप्रमाणे, कुठल्या डोळ्याला कधी आणि किती डाग दिले तो कागद, इंजेक्शनच्या तारखा, त्या त्या वेळची एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर. डॉक्टर किंवा शहर बदललं तर नवीन माणसाला जुना फोटो शेजारी ठेवूनच कळतं की हा डाग जुना आहे की नवा. आणि घरच्या घरी दर काही दिवसांनी एकेक डोळा झाकून, त्याच उजेडात, भिंतीवरच्या त्याच कॅलेंडरकडे बघा, आकडे वाकडे दिसतात का, एखादा भाग पुसट आहे का. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो आणि कित्येक आठवडे पत्ताच लागत नाही. फरक वाटला तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा आणि फोनवर स्पष्ट सांगा की मला डायबेटिक रेटिनोपथी आहे, लेझर झालेलं आहे आणि या डोळ्याची नजर बदलली आहे, म्हणजे समोरचा तुम्हाला चष्म्याच्या रांगेत टाकणार नाही.